मुक्काम औंध

यमाईच्या डोंगराला निघालेल्या माणसाच्या हातात ओटीचं सामान असतं आणि डोक्यात वर पोचायची घाई. चढावरची ती इमारत त्याला दिसते ती उतरताना, दिसलीच तर. आम्ही वडूजची पोरं शाळेच्या सहलीला गेलो तेव्हाही क्रम तोच होता. आधी देवी, मग डबे, आणि उरल्या वेळात म्युझियम. ‘कशाला हात लावायचा नाही’ एवढंच मास्तरांनी बजावलं होतं. आम्ही ते इतकं मनावर घेतलं की हाताबरोबर डोळेही आवरते ठेवले. राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोरून रांगेनं सरकलो आणि बाहेर आलो. त्याच इमारतीत आई आणि मूल असं एक लहानसं दगडी शिल्प आहे, ते आपण पाहिलं की नाही हेसुद्धा मला आठवत नाही. ते हेन्री मूरचं आहे हे कळेपर्यंत माझे केस पिकायला लागले होते. विसाव्या शतकातल्या या इंग्रज शिल्पकाराची कामं पाहायला लोक लंडनला जातात. त्यातलं एक माझ्या गावापासून वीसेक किलोमीटरवर, खटाव तालुक्यातल्या औंधात आहे.

श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८ साली उभं राहिलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा हा संग्रह. भवानराव १९०९ साली गादीवर आले. स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्कारांचे इतके कडवे प्रचारक की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. त्यांचं नमस्कारांवरचं पुस्तक १९३८ सालीच लंडनहून इंग्रजीत निघालं. म्हणजे ज्या वर्षी युरोपची चित्रकला पाहायची सोय औंधात झाली, त्याच वर्षी औंधचा व्यायाम इंग्लंडात पोचला. संग्रहालयात युरोपातल्या जुन्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत. नकला म्हटल्यावर जाणकार नाक मुरडतात, पण ज्या रयतेला कधी मुंबईही दिसणार नव्हती तिच्यासाठी त्या आणल्या होत्या. शेजारी रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हस्तिदंताचं आणि चंदनाचं कोरीव काम आहे. संग्रहालय डोंगरावर बांधण्यात हिशेब होता, असं मला वाटतं. देवीला येणारा माणूस आपसूक चित्रांपाशी येईल. पौषातल्या यात्रेला लोटणारी गर्दी पाहिली की तो हिशेब पटतो.

भवानरावांचा स्वभावच असा, एका कामातून दुसरं काढायचा. सचित्र महाभारत काढावं ही त्यांची कल्पना १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढं आली. त्यातून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि त्याला त्यांनी लाखभर रुपये देऊ केले. पंडित सातवळेकर, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक, औंधात येऊन राहिले आणि १९४८ पर्यंत त्यांचं स्वाध्याय मंडळ तिथंच होतं. बेळगावात कारखान्याची जागा गेल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला तो याच राजानं. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

मात्र हे संस्थान सलग नव्हतं. नकाशात पाहिलं तर कुणी चिंध्या उधळल्यासारखं दिसतं. औंधचा तुकडा आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, गुणदाळचा तुकडा आजच्या कर्नाटकात. एकूण गावं ७२. मध्ये सगळा इंग्रजांचा मुलूख. आमचं वडूज त्या मुलखातलं, खटावच्या मामलेदार कचेरीचं गाव. ९ सप्टेंबर १९४२ ला त्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी असे ९ जण पडले. औंधच्या हद्दीत मात्र तोवर राजानं आपली सत्ता रयतेच्या हाती देऊन तीन वर्षं झाली होती. २१ जानेवारी १९३९ च्या राज्यघटनेनं गावागावांत पंचायती आल्या, त्यांतून तालुक्याच्या समित्या आणि त्यांच्यावर संस्थानाची विधानसभा. घटनेला गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा पुढाकार होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरची धडपड होती. हा फ्रीडमन वॉर्सातला, बंगळूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून औंधच्या खेड्यांत फिरला. आटपाडीजवळ कैद्यांची बिनभिंतीची वसाहत, स्वतंत्रपूर, ही त्याच्याच डोक्यातली. तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. स्वतः गदिमा औंधच्या शाळेत शिकलेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तरही औंध संस्थानाचाच नोकर.

हे सगळं एका दमात सांगायचं कारण असं की, हे सगळं एकच स्थळ आहे. संग्रहालय, किर्लोस्करवाडी, कुंडल, स्वतंत्रपूर, माडगूळकरांचं माडगुळं ही एकाच गोष्टीची पानं. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि पुस्तक सुटं झालं. संग्रहालय आज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं. स्वतंत्रपूर कारागृह विभागाकडं, म्हणजे गृहखात्याकडं. किर्लोस्करवाडी कंपनीची. यमाई देवस्थानाची, रस्ते बांधकाम खात्याचे, एसटी महामंडळाची, उरलेलं ग्रामपंचायतींचं. वर दोन जिल्हे, म्हणजे दोन जिल्हाधिकारी आणि दोन नियोजन समित्या. यांतलं कुणी वाईट वागतं असं मी म्हणत नाही. प्रत्येक जण आपलं पान जपतो. पण पुस्तक बांधायचं काम कुणाच्याच टेबलावर येत नाही, कारण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आपल्याकडं अशा वेळी उपाय म्हणून एखादं मंडळ मागितलं जातं. मंडळ, अध्यक्ष, गाडी, लाल फीत. युरोपनं याच कोड्यापुढं काय केलं ते पाहण्यासारखं आहे, कारण तिथं तर तुकडे म्हणजे अख्खे देश. १ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या लिस्बन तहाच्या १९५ व्या कलमानं युरोपीय संघाला पर्यटनात पहिल्यांदा स्वतंत्र जागा दिली, पण हात बांधूनच. सदस्य देशांच्या कामाला पूरक ठरा, त्यांना एकमेकांशी जोडा, सगळ्यांचे कायदे एकसारखे करायच्या भानगडीत पडू नका. म्हणजे हुकूम सोडायचा अधिकार नाही, गोळा करून बसवायचा तेवढा आहे. मला यात गंमत वाटते. गावकीत ज्याच्या शब्दाला मान असतो त्याच्याकडं तरी दुसरं काय असतं?

तिथले दोन प्रयोग औंधच्या माणसानं ध्यानात ठेवावेत असे. एक, २००७ पासून संघानं दरवर्षी किंवा वर्षाआड एक विषय ठरवून नावारूपाला न आलेली ठिकाणं निवडायला सुरुवात केली. एकदा खेड्यापाड्यांचं पर्यटन, एकदा स्थानिक परंपरा, एकदा जुन्या गिरण्या-खाणींचं नव्यानं केलेलं काही. अट अशी की गावाची हवा, पाणी, माणसं यांना धक्का न लागता ते चाललं पाहिजे. आधीच गाजलेल्या शहरांसाठी हे नव्हतंच. दुसरा प्रयोग त्याहून जुना आणि वेगळ्या संस्थेचा. युरोप परिषदेनं १९८७ साली सांतियागोच्या यात्रेची वाट सांस्कृतिक मार्ग म्हणून जाहीर केली. पुढं असे कितीतरी मार्ग झाले. नियम असा की मार्गाचा विषय किमान तीन देशांत पसरलेला हवा, आणि एकदा मान्यता मिळाली म्हणून कायमची नाही, मधूनमधून तपासणी होते. तीन देश एका यात्रेच्या वाटेवर एकमेकांचं ऐकतात, तर सातारा-सांगली हे आमचे दोन शेजारी जिल्हे औंधच्या वाटेवर का नाही?

आता कुणी म्हणेल, युरोपची उदाहरणं युरोपात. ठीक आहे, मग आमच्याच जिल्ह्यातली घ्या. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाचा नमुना डोळ्यांपुढं होता, पण हे-ऑन-वायला दुकानं आहेत, भिलारला घरं. राज्य मराठी विकास संस्थेनं पुस्तकं दिली, कपाटं दिली, चित्रकारांनी भिंती रंगवल्या, आणि स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यांनी आपल्या ओसऱ्या, पडव्या, बसायच्या खोल्या उघडून दिल्या. सरकारी कपाट आणि घरातली चहाची किटली एका छपराखाली नांदतात, हे मी तिथं पाहिलं. कास पठाराचं थोडं कडक आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, फुलांच्या हंगामात गाड्यांची रीघ लागली, आणि वनखात्यानं आसपासच्या गावांच्या समित्यांबरोबर बसून माणसं मोजायला सुरुवात केली. नोंदणी करून यायचं, दिवसाला ठरलेल्या आकड्यापलीकडं सोडायचं नाही, शुल्कातून गावच्या पोरांना काम. पठारावर ‘आज जागा नाही’ हे ऐकून चिडलेले पुणेकर मी पाहिले आहेत. चिडू देत. फुलं पायाखाली गेल्यावर तिकीट कशाचं लावणार?

युरोपीय कागदांत ‘शाश्वत’ आणि ‘स्पर्धाक्षम’ हे दोन शब्द जोडीनं येतात. पहिला मला समजतो. दुसऱ्यावर मी बराच अडलो. खटावनं कुणाशी स्पर्धा करायची? महाबळेश्वरशी? त्यांच्याकडं पाऊस मीटरनं मोजावा इतका आणि आमच्याकडं टँकरची आठवण अजून ताजी. थंड हवा आम्हाला विकता येणार नाही. मग लक्षात आलं, जे दुसरीकडं नाहीच ते जपणं हीच स्पर्धा. रविवर्मा बडोद्यात, त्रिवेंद्रमला आहे. पण रविवर्मा, हेन्री मूर, भिंती नसलेला तुरुंग आणि राजानं स्वतःहून सोडलेली सत्ता, एवढं एका मुलखात अन्यत्र सापडणार नाही. थंडीत येरळवाडीच्या तलावावर रोहित उतरतात, मायणीला पक्ष्यांसाठी राखून ठेवलेलं पाणी आहे. पाहुण्याची सकाळ तिकडं जाऊ शकते, दुपार चित्रांत.

एक गोष्ट इथं मला खटकते, तीही सांगून टाकतो. स्वतंत्रपुरात आजही शिक्षा भोगणारी माणसं राहतात. ती पाहायला बस न्यायची का? माझं उत्तर नाही असं आहे. त्या वसाहतीची गोष्ट संग्रहालयातच एका दालनात सांगावी, छायाचित्रं लावावीत आणि माणसांना त्यांच्या शेतात राहू द्यावं. सहकार्य म्हणजे कारागृह खात्यानं दार उघडणं नव्हे. त्यांनी संचालनालयाला जुने कागद दिले तरी पुरे. कुंडलचं उलट आहे. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचं ते गाव, आणि तिथल्या माणसांना सांगायचं भरपूर आहे. तिथं ऐकणारा गेला पाहिजे.

आणि ऐकणारा गेला तर एका दिवसात परतू शकत नाही, खरी गोम इथं आहे. व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. जो रात्री राहतो त्याला ते शुल्क नाही, त्याचा कर हॉटेलच्या बिलात असतो. दिवसाचा पाहुणा रस्ता वापरतो, कचरा टाकतो, पाण्याची बाटली घेतो आणि जातो. रात्रीचा पाहुणा जेवतो, सकाळी न्याहारी मागतो, दूध कुठलं विचारतो, गावातली गाडी ठरवतो. आमच्या भागात देवीला येणारे हजारो आहेत आणि ते सगळे दिवसाचे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, शेतावर पाहुणे ठेवायला त्यात वाट आहे. शेतं आमच्याकडं आहेत, आणि मळ्यातल्या भाकरीला नावं ठेवील असा पाहुणा अजून जन्मायचा आहे. अडतं ते पहिल्या पाहुण्यापाशी. औंधची वाट अस्तित्वात आहे हे कुणी सांगितल्याखेरीज तो येत नाही, आणि तो आल्याखेरीज मळ्यात कुणी खोली बांधत नाही.

मागच्या थंडीत मी पुन्हा संग्रहालयात गेलो, या वेळी देवीच्या आधी. मूरच्या शिल्पापाशी बराच वेळ उभा राहिलो. केवढंसं आहे ते. आईच्या अंगातून मूल वेगळं झालंय की व्हायचंय, हे ठरत नाही. मागून यात्रेकरूंचं एक कुटुंब आलं. आजींनी थांबून पाहिलं, नातवाला कडेवर सरकवलं आणि रविवर्म्याकडं निघून गेल्या. तिथं मात्र सगळं कुटुंब रेंगाळलं.

संध्याकाळी वडूजच्या स्टँडसमोर चहा पीत मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वाट आखत बसलो. औंध, मग कुंडल, किर्लोस्करवाडी, तिथून आटपाडीकडं, माडगुळं, आणि परत येताना मायणी. चहावाल्यानं खांद्यावरून डोकावून पाहिलं. सगळी गावं त्याच्या ओळखीची, आटपाडीला तर बहीण दिलेली.

“झ्याक हाय की ओ गुरुजी,” तो म्हणाला. “पन मुक्काम कुठं?”

मी पेन्सिल औंधवर ठेवली, मग कुंडलवर नेली, आणि पुन्हा औंधवर आणली.