वस्तू माणसाला समजली पाहिजे

खुरपे घेताना आपण आधी मूठ पाहतो. मूठ हाताला रुतली, तर पाते कितीही धारदार असो, दिवसभर खुरपणार कसे? वस्तू वापरणाऱ्याच्या सोयीची हवी.

मतदानाचेच पाहा. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा शेकडा ऐंशींहून अधिक लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली. पेटीवर चिन्ह लावले. चिन्ह ओळखायचे, त्या पेटीत मत टाकायचे.

पुढे यंत्र आले. त्याचे रूप घडवण्यात मुंबईला पवईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा मोठा वाटा आहे. २००४ च्या लोकसभेला ते देशभर वापरले; आपल्या नगर जिल्ह्यातही. नाव, चिन्ह आणि निळे बटण एका ओळीत. बटण दाबले की लाल दिवा लागतो, आवाज होतो. आता चिठ्ठीही सात सेकंद दिसते. कुणाला विचारावे लागत नाही. विचारावे लागले असते, तर मत गुप्त राहिले असते का?

तेव्हा बाबांनो, एखादी वस्तू वापरता आली नाही, तर स्वतःला अडाणी म्हणू नका. पुष्कळदा दोष घडणीत असतो. तो घडवणाऱ्याला सांगा.