केकवरची साखरेची नक्षी : रंग आणि साठवण

साच्यात साखर ओतून आकार काढणे आपल्याला नवे नाही. पाडव्याला गुढीला बांधायच्या आणि मुलांच्या गळ्यात घालायच्या गाठी साच्यातच तयार होतात. आपल्या बेळगाव भागात गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, कन्नड शेजाऱ्यांच्या घरी साखरेच्या आरत्या दिसतात. म्हैसूरकडे संक्रांतीला एळ्ळू-बेल्लाबरोबर 'सक्करे अच्चु' वाटतात. आता वाढदिवसाचे केक घरोघरी होऊ लागले आहेत आणि त्यांवरची फुले, पाने, मोर, गणपतीसुद्धा आपण घरीच साच्यात करू लागलो आहोत. मंडळातील भगिनींकडून यासंबंधी दोन प्रश्न नेहमी येतात : रंग कोणता आणि किती घालावा, आणि आधी करून ठेवल्यास ही नक्षी टिकते का? त्याविषयी थोडे सविस्तर.

रंगाचा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. केक कापला की मोठी माणसे केक खातात, पण लहान मुले आधी वरचे रंगीत फूल उचलतात. म्हणजे सगळ्या केकातला बहुतेक रंग घरातल्या सर्वांत लहान पोटात जातो.

दोन प्रकार

घरी प्रामुख्याने दोन प्रकारची नक्षी होते. पहिली साखरेच्या पाकाची. साखर भिजेल इतके पाणी घालून गोळीबंद पाक करायचा, दुधाच्या चमच्याने मळी काढायची, पाक घोटायचा आणि तो पांढुरका होऊ लागला की साच्यात ओतायचा. लाकडी साचा आधी पाण्यात भिजवून पुसून घेतला की गाठ सहज सुटते. पाकात लिंबू पिळतात, त्याचे प्रमाण मात्र थेंबांतच असावे. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो. ही साखर हवेतला ओलावा लवकर ओढते. लिंबू जास्त झाले की गाठी चिकट होतात, त्याचे कारण हेच.

दुसरी पांढऱ्या चॉकलेट कंपाउंडची. यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असल्याने ते वितळवून साच्यात ओतले की झाले, चॉकलेटसारखी तापमानाची कसरत करावी लागत नाही. कंपाउंडचे भांडे गरम पाण्यावर धरावे, पण वाफ किंवा पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नये. एका थेंबाने सगळे मिश्रण घट्ट आणि रवाळ होते.

दोन्हींसाठी सिलिकॉनचे साचे चालतात. ते खाद्यपदार्थांसाठीचे असावेत आणि साबण किंवा मेणबत्त्या करायचे साचे वेगळे ठेवावेत.

रंग कोणता

पाकाच्या नक्षीला पाण्यात विरघळणारा किंवा जेल रंग चालतो. कंपाउंडला तो चालत नाही, कारण त्यात पाणी असते. त्यासाठी तेलात मिसळणारे रंग वेगळे मिळतात. पांढरे कंपाउंड मुळात पिवळसर असते, म्हणून त्यात निळा घातला की हिरवट छटा येते. स्वच्छ आकाशी रंग हवा असेल तर पाकाची नक्षी करणे सोपे.

आपल्या देशात खाण्यात वापरायला परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत : पिवळ्यांत टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, लालांत कार्मोइसिन, पॉन्सो ४ आर आणि एरिथ्रोसिन, निळ्यांत ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन, हिरव्यात फास्ट ग्रीन. पाकिटावर रंगाचे नाव किंवा आयएनएस क्रमांक (उदा. टार्ट्राझिन 102, ब्रिलियंट ब्लू 133), एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असावी. कागदाच्या पुडीतला सुटा रंग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा गुलाबी रंग अशाच वाटेने खाण्यात येतो. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने कॉटन कँडीतील रोडामाइन-बीवर आणि गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी आणली, ती यामुळेच.

सोनेरी-चंदेरी चमकीबाबत विशेष काळजी घ्यावी. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिले असले तरी ती खाण्यासाठी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. 'खाण्यायोग्य' असे स्पष्ट लिहिलेले असेल आणि घटकांची यादी असेल तरच वापरावी.

रंग किती

कृत्रिम रंगाची मर्यादा सर्वसाधारणपणे किलोला 100 मिलीग्रॅम आहे. चहाचा एक चमचा सुमारे 5 ग्रॅमचा धरला, तर हा त्याचा पन्नासावा भाग झाला. घरच्या अर्धा किलो साखरेला त्याच्याही निम्मा. बाजारातल्या जेल रंगात शुद्ध रंगाचे प्रमाण कमी असते, पण किती कमी हे पाकिटागणिक बदलते. म्हणून दातकोरणीच्या टोकावर येईल तेवढाच रंग घ्यावा, मिसळावा आणि पाहावे. फिकट गुलाबी फूल गडद लालपेक्षा दिसायलाही नाजूक दिसते. गडद रंग हवाच असेल तर तो एखाद्या लहान आकाराला द्यावा आणि बाकीची नक्षी पांढरी ठेवावी.

घरचे रंग

हळद तेलात विरघळते, त्यामुळे चिमूटभर हळदीने कंपाउंडला छान पिवळा रंग येतो. तपकिरीसाठी कोको पावडर आहेच. केशर पाकासाठी योग्य. ते चमचाभर गरम दुधात खलून घालावे. बीटाचा रंग उकळत्या पाकात तपकिरी पडतो, म्हणून आटवलेला रस पाक उतरवल्यावर शेवटी घालावा. गोकर्णाच्या फुलांचा रंग निळा, पण लिंबू लागताच जांभळा होतो. निळा हवा असल्यास त्या पाकात लिंबू घालू नये. कोणताही रस घालताना पाक तेवढा पातळ होतो हे लक्षात ठेवून तो आधी थोडा जास्त आटवावा. हे रंग सौम्य दिसतात आणि उजेडात लवकर उडतात. त्यांची नक्षी दोन-चार दिवसांतच वापरावी.

ज्यांच्याकडे शाकाहार कटाक्षाने पाळतात त्यांनी पाकिटामागे दोन शब्द शोधावेत. 'कार्माइन' किंवा आयएनएस 120 हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात. तयार शुगर पेस्टमध्ये जिलेटिन असू शकते. हिरवा ठिपका पाहूनच वस्तू घ्यावी.

साठवण

साखरेची नक्षी बिघडते ती मुख्यतः दमटपणाने. हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली की साखरेचे कण हवेतले पाणी ओढून विरघळू लागतात. बेळगावच्या आषाढ-श्रावणात हे रोजचेच आहे. पाकाची नक्षी साच्यातून काढल्यावर एक-दोन दिवस पंख्याखाली, सावलीत पूर्ण सुकू द्यावी. मग बटर पेपरचे थर देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि सिलिका जेलची पुडी शिवून किंवा वेगळ्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे ती मुलांच्या हाती लागणार नाही. ओलसर नक्षी घट्ट डब्यात बंद केली तर आतल्या आत पाझरते.

पाकाची नक्षी फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि रंग ओघळतात. कंपाउंडची नक्षीही शक्यतो थंड, कोरड्या कपाटातच ठेवावी. मे महिन्यात ती मऊ पडत असेल तर फ्रीजला पर्याय नाही, पण मग डबा बाहेर काढल्यावर तो घरातल्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. दव डब्याच्या बाहेरच राहते. कंपाउंडला वास लवकर लागतो, म्हणून मसाले, कापूर आणि डांबराच्या गोळ्या यांच्याजवळ डबा नको. दोन्ही प्रकार उजेडापासून दूर ठेवावेत. काचेच्या कपाटात मांडलेल्या फुलांचे गुलाबी आणि जांभळे रंग आधी फिके होतात.

डब्यावर तारीख, रंगाचे नाव आणि दूध वापरले आहे का, एवढे लिहिलेली चिठ्ठी लावावी. भेट म्हणून देताना तर ती हवीच. एखाद्या मुलाला कसली ॲलर्जी असेल तर आईला विचारायची सोय होते.

केकवर केव्हा लावावी

फ्रेश क्रीममध्ये पाणी असते. त्यावर पाकाची नक्षी लावायची तर केक कापण्याच्या अगदी आधी लावावी. थोडा वेळ टिकायला हवी असल्यास तिच्या खालच्या बाजूला वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंडचा पातळ हात द्यावा आणि सुकू द्यावा, म्हणजे ओलावा वर चढत नाही. बटर क्रीमवर तासभर आधी लावली तरी चालते. गाठीसारख्या आकारांत दोरा असल्यास तो आधी काढून टाकावा. पाच वर्षांखालील मुलांच्या केकवर टणक, गोटीएवढी नक्षी लावूच नये. ती घशात अडकू शकते. तिथे पातळ पाने-फुले बरी. तार किंवा दातकोरणी टोचून नक्षी उभी केली असेल, तर केक कापण्यापूर्वी त्या मोजून काढाव्यात.