ठेका आणि काळ, लेखांक ७ : ‘झिंगाट’ टिकलं कशामुळे?

लग्नसराईत नागपुरात मानेवाड्याहून बेसा चौकाकडे वराती निघतात, तेव्हा लॉनचं फाटक जवळ आलं की एक गाणं हमखास लागतं, ‘झिंगाट’. हे गाणं ज्यातलं, तो ‘सैराट’ चित्रपट प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ ला. त्यानंतर नाचाची कितीतरी गाणी आली, गाजली आणि मागे पडली. हे मात्र हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात अजून वाजतं आणि ज्यांचा जन्मच ‘सैराट’नंतरचा आहे, ती मुलंही त्याच्या पहिल्या सुरावटीला धावत येतात. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावरच्या या लेखमालेत ‘झिंगाट’ घेतलं, ते या टिकाऊपणासाठी. माझं म्हणणं असं की नाचाच्या गाण्याचा दूरवर पोचणारा प्रभाव त्यातलं यंत्र किती नवं होतं यावर ठरत नाही. लोकांच्या कुठल्या प्रसंगात त्या गाण्याला जागा मिळाली, यावर तो ठरतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. दहा राग, तेही डिस्कोच्या ठेक्यावर. रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, एवढ्या साहित्यावर त्यांनी जे वाजवलं, ते शिकागोतल्या तरुणांच्या ‘ॲसिड हाउस’शी थक्क करणारं जुळतं. ते शिकागोचं संगीत तबकडीवर आलं १९८७ मध्ये, म्हणजे सिंग पाच वर्षं आधी तिथं पोचले होते. पण शिकागोत कोणी त्यांची तबकडी ऐकलेली नव्हती आणि इथेही ती खपली नाही. २०१० मध्ये एका युरोपीय संग्राहकाच्या खटपटीनं ती पुन्हा निघाली, तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली. २०१५ मध्ये सिंग गेले. त्यांच्या प्रतिभेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. तरीही त्या तबकडीची परंपरा झाली नाही, कारण १९८२ च्या मुंबईत तिच्यावर नाचायला अंगण नव्हतं. ती वरातीची नव्हती आणि मिरवणुकीचीही नव्हती. शिकागोत मात्र क्लब होते, रात्रभर नाचणारी माणसं होती, आणि उत्पादन बंद पडल्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी हीच यंत्रं होती. तिथं त्या आवाजाची परंपरा झाली.

आता पहिला आक्षेप. ‘झिंगाट’ला इलेक्ट्रॉनिक म्हणायचं तरी कसं? त्याचा ठेका हलगी-ताशाच्या वळणाचा, गळा गावरान, शब्द करमाळ्याकडच्या बोलीचे. अजय-अतुल यांनी हे गाणं लिहिलं, बांधलं आणि गायलंही. आणि ‘नटरंग’, ‘जोगवा’पासून त्यांची ओळख लोकसंगीताशी जोडलेली. आक्षेप वरवर पटणारा आहे, पण इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा उगमच तो खोडून काढतो. डोना समर यांचं १९७७ चं ‘आय फील लव्ह’ हे यंत्रयुगाचं पहिलं मोठं नृत्यगीत मानलं जातं. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी त्यातले जवळपास सगळे आवाज मूग सिंथेसायझरवर काढले. पायाच्या ढोलाचा दणका मात्र मूगला जमेना, म्हणून तो कीथ फॉर्सी या वादकानं स्वतः वाजवला. म्हणजे यंत्राच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातही पाय माणसाचाच आहे. गाणं इलेक्ट्रॉनिक ठरतं ते बांधणीमुळे. तसूभरही न हलणारी लय, पुन्हापुन्हा फिरणारी छोटी सुरावट, मध्येच ताण चढवत नेणं आणि सगळ्यांच्या अंगात एकदम सुटेल असा तो मोकळा करणं. डीजेला एका गाण्यातून दुसऱ्यात जायला अशीच बांधणी लागते. ‘झिंगाट’ पूर्णपणे याच बांधणीचं आहे, आणि हलगीची चाल त्या बांधणीत उपरी वाटत नाही. वरातीच्या वादकांना तोच तो ठेका तासन् तास धरून गर्दी चढवत नेणं पिढ्यान् पिढ्या येत होतं. क्लबमध्ये जे नव्यानं शोधलं गेलं, ते आपल्या रस्त्यावर आधीपासून होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. ‘सैराट’ हा शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट. एवढ्या लाटेवर कुठलंही गाणं तरलं असतं, असं म्हणता येईल. पण त्याच चित्रपटातलं ‘याड लागलं’ लोकांना तितकंच प्रिय आहे. चित्रपटाच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण झालं, त्याचं तेव्हा मोठं कौतुकही झालं. वरातीत मात्र ‘झिंगाट’च आलं. शिवाय २०१८ मध्ये ‘धडक’साठी त्याचा हिंदी अवतार झाला, कथा राजस्थानात गेली, सगळे शब्द बदलले, तरी ‘झिंगाट’ हा शब्द तसाच ठेवावा लागला. अजय-अतुल यांच्याच ‘कोंबडी पळाली’चं ‘चिकनी चमेली’ झालं, तेव्हा चाल टिकली होती आणि मराठी शब्द गळून पडले होते. दोन्हींतला हा फरक महत्त्वाचा आहे. चित्रपटानं गाणं दारापर्यंत आणलं, हे मान्य. पुढची आठ-दहा वर्षं त्याला घरात ठेवून घेतलं ते नाचणाऱ्यांनी.

नागपुरात हे घडलं, याला वेगळं मोल आहे. या शहरात बाजारापासून वरातीपर्यंत हिंदीचा वावर मोठा. बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी या पट्ट्यात तर विदर्भाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं नव्या लेआउटांत आणि सोसायट्यांत राहतात. त्यांच्या बोलीत करमाळ्याकडच्या सोलापुरी वळणाचं काही नाही. तरी हे गाणं परकं राहिलं नाही, आणि त्यात धुमालचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. गाडीवर स्पीकर, सोबत की-बोर्ड आणि पॅड, समोर हातानं वाजणारे ढोल-ताशे, अशी ही नागपूरकडची आणि छत्तीसगडकडची पद्धत. यंत्र आणि हात एकाच गाडीवर. ‘झिंगाट’ मुळातच या दोन्हींच्या जोडणीतून झालेलं असल्यामुळे धुमालवाल्यांच्या हाती ते सहज बसलं. डीजेकडे, बँडकडे आणि धुमालकडे सारख्याच ताकदीनं वाजू शकणारी गाणी फार थोडी असतात.

याच नागपुरात ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी पुढे ‘झुंड’ केला. विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा हा चित्रपट २०२२ मध्ये आला, संगीत पुन्हा अजय-अतुल यांचं. त्यात वस्तीतल्या आंबेडकर जयंतीचा जल्लोष डीजेसह पडद्यावर येतो. चकचकीत पार्टीबाहेरचं, वस्तीतलं नाचणं मोठ्या पडद्यावर अभिमानानं दाखवता येतं, हा विश्वास ‘झिंगाट’नं निर्माण केला. ज्या ‘सैराट’चा शेवट जातीच्या अहंकारातून झालेल्या हत्येनं होतो, त्यातल्या गाण्यावर सगळ्या जातींच्या वराती नाचल्या. एवढ्यानं जात हटली असं मी म्हणणार नाही. पण कोणाचं संगीत कोणाच्या दारात वाजेल, याची जुनी रेघ त्या ठेक्यानं नक्कीच पुसट केली.

राहतो तिसरा आक्षेप, आवाजाचा. त्याला माझ्याकडे बचाव नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवायला बंदी आहे. डीजेच्या भिंती ही मर्यादा सहज ओलांडतात. त्यात तान्ही मुलं, आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं भरडली जातात. पण हा दोष स्पीकर किती चढवायचा हे ठरवणाऱ्यांचा आहे, गाण्याचा नव्हे. माझी खरी काळजी दुसरी आहे. ज्या हलगी-ताशाच्या चालीवर हे गाणं उभं आहे, ती वाजवणाऱ्या हातांना डीजेमुळे काम कमी मिळू लागलं, तर असं दुसरं गाणं येणार कुठून? तेव्हा बेसा-मानेवाड्याकडे यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी डीजेची सुपारी देण्याआधी जवळच्या ताशावाल्यांना आणि धुमाल पार्टीला विचारावं, त्यांना पुरते पैसे द्यावेत आणि दहाच्या आत नाचून घ्यावं.