ताटाची डावी बाजू

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. न्याहारीला थालीपीठ होतं. सुट्टीसाठी आलेल्या आमच्या आठ वर्षांच्या नातवाने पानावर बसल्याबसल्या विचारलं, "आजी, सॉस आहे?" आजीने उत्तर देण्याआधीच आजोबांनी, म्हणजे मी, निकाल देऊन टाकला. "थालीपिठाबरोबर लोणी खातात, दही खातात, फार तर लसणीची चटणी. सॉस नाही!" नातवाचा चेहरा पडला. सूनबाई पिशवीतून काढलेली बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "दे गं त्याला. आणि माझ्याही पानात थोडा घाल. मला आवडतो."

आमच्या लग्नाला ३८ वर्षं झाली. हिला टोमॅटो सॉस आवडतो, ही बातमी मला त्या दिवशी कळली.

आता आधी माझी बाजू मांडतो. मी डाव्या बाजूचा माणूस आहे. राजकारणातल्या नव्हे, ताटातल्या! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही माझी खरी मित्रमंडळी. उजवीकडच्या भाजी-आमटीने पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटतं ते डावीकडच्यांमुळे. आपल्या भाषेने त्यांना 'तोंडी लावणं' असं किती नेमकं नाव दिलंय पाहा. शिवाय डाव्या बाजूचं एक वैशिष्ट्य आहे. घरात भाजी एकच शिजते, आमटीत तिखट किती हे शिजवणारा ठरवतो. डावीकडे मात्र खाणाऱ्याचं राज्य. लिंबू पिळायचं की नाही, लोणच्याची फोड घ्यायची की नुसता खार, चटणीवर तेल घ्यायचं की दही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. भरल्या घरात माणसाला स्वतःचं मत चालवायला एवढीच काय ती जागा!

बँकेच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. गाव बदललं की माझी डावी बाजू बदले. सोलापूरला शेंगदाण्याची चटणी भेटली. ती उखळात कुटता कुटता दाण्याला तेल सुटून तिचे गोळे व्हायला लागले पाहिजेत. मिक्सरमधली ती नुसती पूड. जळगावला कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा भेटला. मिरच्या-लसूण तव्यावर भाजायचे आणि मीठ घालून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचे. रत्नागिरीला आंबोशीचं लोणचं, यवतमाळला जवसाची चटणी आणि भेदऱ्याचीही. भेदरं म्हणजे टोमॅटो. ती मी मिटक्या मारत खाल्ली. तोच टोमॅटो बाटलीत शिरला की मात्र माझ्या कपाळाला आठी.

का, तर तो परका आणि वर गोड. पण त्या रविवारनंतर या दोन्ही कलमांचा मी जरा हिशेब तपासला. 'केचप' हा शब्द दक्षिण चीनमधल्या हॉक्किएन बोलीतून आला असं मानतात. तिथे तो खारवलेल्या माशांच्या रसाला वापरत. इंग्रजांनी तो उचलला आणि अळंब्यांचं, अक्रोडाचं केचप करून पाहिलं. टोमॅटोची पाळी आली ती एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत. हाइन्झ कंपनीने आपलं टोमॅटो केचप विकायला काढलं ते १८७६ साली. म्हणजे परका, हे खरं. पण मग मिरची कुठली? दक्षिण अमेरिकेकडची, पोर्तुगीजांबरोबर आलेली. शेंगदाणा? तोही दक्षिण अमेरिकेतलाच. ज्या सोलापुरी चटणीच्या जिवावर मी सॉसला दारातून हाकलत होतो, तिच्यातले दोन्ही मानकरी टोमॅटोचे गाववाले निघाले! लसूण तेवढी मध्य आशियातली. राहिला गोडपणा. गुळांबा, साखरांबा, उपासाचं गोड लिंबाचं लोणचं, चिंच-गुळाची चटणी, हे सगळं खाणाऱ्या माणसाने गोडाबद्दल बोलूच नये.

मेयोनीजबद्दल मात्र माझं मन वळलेलं नाही. अंड्याच्या बलकात थेंबथेंब तेल घालत फेटलेला तो प्रकार. आपल्याकडे बिनअंड्याचाही मिळतो. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे विषबाधा होते म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात तेलंगणाने आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूने त्यावर वर्षभराची बंदी घातली, तेव्हा मी घरात विजयी मुद्रेने हिंडलो होतो. पण ते माझ्या पानापुरतं झालं. दुसऱ्याच्या पानाचं काय?

त्या दुपारी मी हिला विचारलं, "सॉस आवडतो हे कधी बोलली नाहीस ती?"

"बोलले होते की," ही म्हणाली. "लग्नाच्या वर्षी, १९८७ साली. दूरदर्शनवर सॉसची जाहिरात लागायची, आठवतं? माहेरी आम्ही भावंडं बाटली आणून खायचो. इथे येताना एक घेऊन आले होते. तुम्ही पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालात, 'बाटलीतली चटणी? आमच्याकडे चटणी वाटायला बायका आहेत!' सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग ती बाटली फडताळात मागे ठेवून दिली."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. तिला तारखेसकट आठवत होतं, आणि आवाजात तक्रारही नव्हती. त्यानंतर ती पाट्यावर चटण्या वाटत राहिली. सोलापूरची शेजारणीकडून शिकली, यवतमाळची घरमालकिणीकडून शिकली. कारण मला आवडत. आमची पानं उठल्यावर ती जेवायला बसे, तेव्हा तिच्या डाव्या बाजूला उरलेलं जे असेल ते. मी मघाशी म्हटलं ना, डावीकडे खाणाऱ्याचं राज्य असतं? ते फक्त माझ्या ताटातलं होतं.

बँकेत दिवसाअखेर दहा पैशांचा फरक आला, तरी तो सापडल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. आणि घरातला ३८ वर्षांचा फरक माझ्या ध्यानातही आला नाही. कादंबऱ्यांमधून बायकांच्या मनातलं पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाला शेजारच्या पानातलं दिसलं नाही. असो.

आता आमच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी सॉसची बाटली असते. परवा थालीपीठ झालं तेव्हा मीही एक घास त्यात बुडवून खाल्ला. नाही आवडला. तसं सांगितलंही.

"मग नका खाऊ," ही म्हणाली, आणि बाटली तिने आपल्या पानाकडे ओढून घेतली.