चंद्रापर्यंत 28 फेऱ्या, आणि मालवणचा वारा

विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सिंधुदुर्गाला 121 किलोमीटरचा किनारा आहे. उद्या तिथे वारा किती सुटेल, याचं गणित मांडलं जातं पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत. तिथल्या 'अर्का' महासंगणकाचं राष्ट्रार्पण सप्टेंबर 2024 मध्ये झालं. त्याची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स. म्हणजे किती? देशातल्या 140 कोटी माणसांनी दर सेकंदाला एक गणित सोडवायचं ठरवलं, झोप नाही, जेवण नाही, तर मृगाला बसलेला देश साधारण गणपतीच्या सुमारास उठेल. 97 दिवस! अर्का तेवढी गणितं एका सेकंदात करतो.

पण गणित करणं वेगळं आणि उत्तर मांडून ठेवणं वेगळं. खरी गंमत या दुसऱ्या कामात आहे. चला, आपणच हिशोब करू.

मे 2025 मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. अंदाजासाठी पृथ्वीचे चौकोन पाडतात. आधी ते 12 किलोमीटर बाजूचे होते, आता 6 किलोमीटरचे. सिंधुदुर्ग जिल्हा 5,207 चौरस किलोमीटरचा, म्हणजे पूर्वी जिल्ह्यात 36 चौकोन मावत, आता 145. तरी एकेक चौकोन एवढा मोठा, की मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यासारखे 48 एकरांचे 185 किल्ले त्यात बसतील. आता सोयीसाठी सगळी पृथ्वी अशाच चौकोनांनी झाकू. क्षेत्रफळ 51 कोटी चौरस किलोमीटर, चौकोन झाले 1 कोटी 42 लाख. हवेचे समजा 64 थर. नुसत्या तापमानाचे, नुसत्या एका क्षणाचे आकडे झाले 90 कोटी 70 लाख! सेकंदाला एक या वेगाने ते वाचायला बसलात, तर 28 वर्षांनंतरही वाचतच असाल.

आता कागदाची एक पट्टी घ्या आणि एकेका आकड्याला एक सेंटीमीटर जागा द्या. पट्टी झाली 9,070 किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं, तर 30 वेळा जाऊन या. अजून वारा, आर्द्रता, दाब यायचेच आहेत. अशा 10 राशी घेऊ. 10 दिवसांचा अंदाज दर तासाला नोंदवू, म्हणजे 240 तास. पट्टी पोचली 2 कोटी 18 लाख किलोमीटरवर. चंद्रापर्यंत 28 वेळा जाऊन परत या!

संगणकात एकेका आकड्याला 4 बाइट लागतात. या हिशोबाने एक अंदाज 8.7 टेराबाइटचा झाला. तोच साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिला, आकड्याला दहा अक्षरं लागली, की झाले जवळपास 22 टेराबाइट. शिवाय वाचताना प्रत्येक अक्षराचा पुन्हा आकडा करायचा! हवामानशास्त्राची लाडकी फाईल नेटसीडीएफ. तिच्या अगदी जुन्या रूपात एखादी राशी कुठे सुरू होते हे सांगायला 31 बिट असत, म्हणजे ती सुरुवात 214 कोटी बाइटांच्या आतच हवी. आपल्या तापमानाचा एकच क्षण 363 कोटी बाइटांचा. म्हणजे त्याच्यामागे दुसरी राशी सुरू करायला त्या फाईलमध्ये जागाच नाही!

आता मालवणला या. मालवणवर जमिनीलगत वारा किती आणि त्याच्या लगेच वरच्या थरात किती? हवेत हे दोघे सख्खे शेजारी. पट्टीवर मात्र आधी सगळ्या पृथ्वीचा खालचा थर लिहिलेला असतो, मग वरचा. वरचा आकडा सापडतो 142 किलोमीटर पुढे. शेजाऱ्याला भेटायला मुंबई-पुणे! मालवणवरचे 64 थर गोळा करायला असे 63 प्रवास, आणि ते फक्त एका तासाचे.

इथे फाईलचा फॉरमॅट आपली ताकद दाखवतो. एचडीएफ5 हा फॉरमॅट, आणि त्याच्यावर उभी असलेली 2008 ची नेटसीडीएफ-4, पट्टीचे तुकडे पाडू देतात. 32 बाय 32 चौकोन, वर सगळे 64 थर, असा एक ठोकळा करा. आकडे 65,536, पट्टीवर लांबी 655 मीटर. ठोकळे नीट आखले, तर अख्खा सिंधुदुर्ग जमिनीपासून आभाळापर्यंत एकाच ठोकळ्यात! 8,900 किलोमीटरांची वणवण संपली, पाऊण किलोमीटरच्या आत सगळं गाव भेटलं.

पृथ्वीचे असे ठोकळे झाले सुमारे 13,800. ते 1,000 प्रोसेसरांना वाटा, प्रत्येकाला 14 येतात. पॅराव्ह्यूसारखी चित्रं काढणारी सॉफ्टवेअर हेच करतात. प्रत्येक प्रोसेसर आपल्या वाट्याचं चित्र काढतो आणि शेवटी सगळी चित्रं जुळतात. मग प्रत्येकाला वेगळी फाईलच का देऊ नये? हिशोब करा. 1,000 प्रोसेसर, 240 तास, एका अंदाजाच्या फाईली झाल्या 2 लाख 40 हजार! कुठली फाईल कुठे आहे, हे सांगणाऱ्या खिडकीवरच रांग लागेल. म्हणून फाईली मोजक्या, आतले ठोकळे भरपूर, आणि हजार हातांनी एकाच वेळी वाचता येणारा फॉरमॅट.

आता कळस बघा. सेकंदाला 20 कोटी बाइट वाचणारी एक डिस्क आणि तिच्यावर एकच वाचक असेल, तर 8.7 टेराबाइट वाचायला 12 तास लागतात. तेवढ्यात सकाळी मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने निघालेला माणूस कुडाळला उतरून मालवणला घरी पोचतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गेलं. देवगड, मालवण, वेंगुर्ले, तिन्ही तालुक्यांनी ते सोसलं. वादळ येत असताना 12 तास म्हणजे होड्या ओढून सुरक्षित ठेवायची अख्खी संधी! तेच आकडे हजार डिस्कवर पसरा, ठोकळ्यांत मांडा, हजार वाचक लावा. आदर्श स्थितीत वेळ लागतो 44 सेकंद. आकडे तेच, एकही कमी केला नाही. डिस्क आणि वाचक वाढवले, आणि कोण कुणाच्या शेजारी बसणार, हे आधी ठरवलं. म्हणून फॉरमॅटचा निर्णय अंदाज लिहायला घेण्याआधी घ्यायचा. चंद्राच्या 28 फेऱ्यांएवढी पट्टी एकदा लिहून झाली, की ती उलगडून पुन्हा मांडायला वादळ थांबत नाही!