दोन डिस्क आहेत, मग बॅकअप कशाला?

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी गाळे आहेत. टॅली एका सर्व्हरवर, आत दोन डिस्क मिररला. एक गेली तर दुसरी आहेच, म्हणून शेठ निवांत. पण दोन्ही एकाच वेळी गेल्या तर?

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने स्वतःच जाहीर केलं: आमच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि डेटाही परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास! यात चिप जळत नाही, तुटत काही नाही, चूक फर्मवेअरची. आकडा ओळखलात का? दोनाचा पंधरावा घात. मार्च २०२० मध्ये आणखी काही मॉडेल्ससाठी ४०,००० तासांचा इशारा आला. एकाच दिवशी चालू केलेल्या दोन डिस्कचे तास सारखेच भरतात, तिथे मिरर काय करणार?

म्हणून आजच डिस्कचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि पॉवर-ऑन अवर्स वहीत लिहून घ्या. कंपनीच्या साइटवर ताडून बघा. अपडेट करायचंच असेल तर आधी बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलेला; मग यूपीएस लावून, गाळा बंद झाल्यावर.

आणि पिवळा दिवा लागला की लगेच डिस्क ओढू नका हो! आधी आयएलओचा लॉग वाचा, त्यात कोणत्या बेमधली डिस्क खराब आहे ते लिहिलेलं असतं. घाईत चांगली डिस्क बाहेर काढलीत, तर मिररची उरलीसुरली बाजूही गेली.

रॅम काढून बसवायची कशी, ते पुढच्या व्हिडिओत.