गोठलेल्या सरोवरावर घसरण्याची साधने

वैशाख तोंडावर आलेला असताना, मांडवातल्या पंख्यांचा वारासुद्धा गरम लागत असताना, बर्फाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. परंतु चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि ज्या विषयात आमचे स्वतःचे गुडघे फुटलेले आहेत तोच आम्ही घेतला. आमचा व्यवसाय यंत्ररचनेचा. त्या निमित्ताने स्वीडनमध्ये, स्टॉकहोम शहरी, तीन हिवाळे काढावे लागले. तेथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. अशा अंधारात माणूस घरात बसून राहिला तर त्याचे शरीर आंबते आणि मनही. म्हणून तेथील लोक रविवारी पाठीवर पिशवी टाकून गोठलेल्या सरोवरांवर जातात आणि पायांना पोलादी पाती बांधून दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर सहज घसरत जातात. या छंदाचा तेथील एक मंडळ १९०१ सालापासून चालू आहे. त्याच्या नावात शिडाचाही उल्लेख आहे, कारण त्या काळी हाती शीड धरून वाऱ्याच्या जोरावर बर्फावरून धावण्याची हौस होती.

आपल्या ओळखीचा बर्फ म्हणजे मासळीबाजारातली किंवा रसवंतीगृहातली लादी. ती सर्वत्र सारखी, कारखान्यात ठरलेल्या साच्यात झालेली असते. सरोवराचा बर्फ तसा नव्हे, आणि हे ध्यानात न घेता पुढचे काहीच समजणार नाही. पाणी चार अंश उष्णतामानाला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी वरच राहते आणि तेथेच गोठते. गोठल्यावर ते आणखी हलके होते म्हणून तरंगते. तेव्हा आपण ज्यावर उभे राहतो ती जमीन नसून खोल पाण्यावर पसरलेली एक पापुद्र्यासारखी पाटी असते. तिची भार पेलण्याची शक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच सेंटीमीटरपेक्षा दहा सेंटीमीटर बर्फ दुप्पट नव्हे तर चौपट ओझे पेलतो. उलट बाजूने पाहिले तर जाडी निम्मी झाली की आधार चौथाईवर येतो. सरोवराची जाडी जागोजागी बदलते, हे आम्ही सांगावयास नको.

माणसाने बर्फावर पहिल्यांदा जी साधने पायांना बांधली ती लोखंडाची नव्हती. घोड्याच्या किंवा गुराच्या पायाची लांब हाडे घासून सपाट करीत आणि चामड्याच्या वादीने पायाला बांधीत. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन याने लंडनचे वर्णन लिहिले आहे. त्यात गावकुसाबाहेरची दलदल गोठली की तरुण मुले पायांना हाडे बांधून, लोखंडी टोकाची काठी बर्फावर रोवून स्वतःला कशी पुढे ढकलीत, ते सांगितले आहे. काठी लागे, कारण हाडाला धार नसते. पाय बाजूला रेटावा तर तो नुसताच घसरतो. फोर्मेंती आणि मिनेत्ती या दोन इटालियन संशोधकांनी अशी हाडे पायाला बांधून किती शक्ती खर्च होते याची मोजणी केली आणि २००७-०८मध्ये ती प्रसिद्ध केली. दक्षिण फिनलंडसारख्या, पावलोपावली सरोवर असलेल्या मुलुखात या ओबडधोबड साधनानेही हिवाळी प्रवासाचे श्रम दहाव्या हिश्श्याने वाचत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे हा खेळ म्हणून जन्मला नाही. दमल्या माणसाने शोधलेली ही युक्ती आहे.

पुढची मोठी सुधारणा हॉलंडात झाली. तेथे लाकडी तळव्यात लोखंडी पाते बसविले गेले आणि पात्याला काठ आले. हा काठ बर्फात किंचित रुततो, म्हणून पाय तिरपा करून बाजूला रेटता येतो आणि त्या रेट्याने शरीर पुढे जाते. काठी सुटली, दोन्ही हात मोकळे झाले आणि कालवे हेच हिवाळ्यातले रस्ते बनले. फ्रीजलंड प्रांतातील अकरा गावांना कालव्यांवरून जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची प्रसिद्ध फेरी याच परंपरेतली. १९०९ ते १९९७ या काळात ती अवघी पंधरा वेळा झाली, कारण सबंध मार्गावर पंधरा सेंटीमीटर बर्फ असल्याशिवाय ती भरवीत नाहीत. १९६३च्या फेरीत वारा आणि थंडी इतकी भयंकर होती की सुमारे दहा हजारांतून शेवटपर्यंत पोचलेले दीडशेही निघाले नाहीत. १९९७नंतर तेवढा बर्फ पुन्हा जमलेला नाही.

आता प्रश्न असा की बर्फ मुळात निसरडा का? शाळेत शिकविलेले उत्तर असे की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून पाते सरकते. आम्हीही तेच पाठ केले होते. परंतु हिशेब करून पाहावा. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा आहे आणि पाते बर्फाला एक चौरस सेंटीमीटर टेकते आहे असे धरले तर दाब साठ वातावरणांच्या आसपास येतो. बर्फाचा वितळबिंदू एक अंशाने खाली आणावयास सुमारे एकशे तीस वातावरणांचा दाब लागतो. म्हणजे एवढ्या खटाटोपात वितळबिंदू अर्धा अंशही उतरत नाही, आणि लोक तर उणे दहा अंशांतही आनंदाने घसरतात! खरी कारणे दोन आहेत. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे तेथे एक अतिसूक्ष्म, पाण्यासारखा थर आपोआपच असतो. याची शंका मायकेल फॅरडे यास १८५०मध्येच आली होती. दुसरे, घासण्याने उत्पन्न होणारी उष्णता त्या थरात भर घालते; हे १९३९मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी प्रयोगाने दाखविले. दोन्ही मिळून घर्षण इतके उतरते की चांगल्या बर्फावर सत्तर किलोच्या माणसाला सरकता ठेवण्यास तीन-साडेतीनशे ग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. बाकीची झुंज वाऱ्याशी.

तर मग पाते कसे असावे? येथे आमचा पहिला रविवार सांगणे भाग आहे. आम्ही भाड्याने मिळाले ते स्केट घालून गेलो. ते हॉकीचे होते. हॉकीच्या खेळाडूला क्षणात वळावे लागते, म्हणून त्याचे पाते आखूड आणि खालून गोलाईदार असते. त्या गोलाईची त्रिज्या तीन मीटरांच्या आसपास. असे पाते बर्फाला थोड्याच लांबीवर टेकते. कृत्रिम मैदानाच्या गुळगुळीत बर्फावर हा गुण आहे. सरोवरावर मात्र थंडीने आकसून पडलेल्या भेगा असतात, बोटभर रुंद आणि कित्येक मीटर लांब. अशा एका भेगेत आमच्या पात्याचे नाक शिरले आणि त्यापाठोपाठ आमचेही नाक बर्फावर आदळले. जवळून जाणाऱ्या एका वृद्ध बाईंनी उठविले, आमच्या पायांकडे पाहिले आणि फक्त मान हलविली.

त्या बाईंच्या पायांतले पाते सुमारे अर्धा मीटर लांब, पुढे होडीच्या नाळीसारखे वर वळलेले आणि जवळजवळ सरळ होते. त्याच्या गोलाईची त्रिज्या वीस मीटरांच्या वर. लांब पाते भेगेवर पुलासारखे पडते, वर वळलेले टोक खाचखळग्यांवरून चढून जाते आणि सरळपणामुळे दिशा टिकते. वळणे अवघड होते, पण दहा किलोमीटरच्या सरोवरावर वळावयाचे कशाला? शर्यतीचे पाते याहून पुष्कळ पातळ, एक मिलिमीटरच्या जरा वर असते. प्रवासाचे जाड असते, कारण त्याला कधी वाळू, कधी गोठलेला पाचोळा, कधी किनाऱ्यावरचा दगड खावा लागतो. त्याचा तळ सपाट घासून काठ काटकोनी ठेवतात. घासताना दोन्ही पाती चौकटीत शेजारी शेजारी उलटी बसवून दगड तिरपा फिरवावयाचा आणि शेवटी काठावर वळलेला बारीक कीस काढून टाकावयाचा. तो राहिला तर धार आहे असे बोटाला वाटते आणि पायाला वाटत नाही.

येथे एक गैरसमज खोडून टाकू. लांब पात्यामुळे वजन पसरते व पातळ बर्फही पेलतो असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता माणसाच्या भाराखाली बर्फाची पाटी कित्येक मीटरांपर्यंत वाकते. त्या मानाने पाते पंचवीस सेंटीमीटर असो की पन्नास, फरक नगण्य. तारणारी वस्तू जाडी, लांबी नव्हे.

बुटाची रचनाही चिंतनीय आहे. पाते बुटाला कायमचे जडलेले नसून पुढच्या बाजूस खिट्टीने अडकविलेले असते. अनेक प्रकारांत टाच मोकळी सुटते. याचा एक लाभ उघड आहे: वाटेत बेट आले, भूशिर आले, की खिट्टी काढावी, पाती हातात घ्यावी आणि साध्या बुटाने चालू लागावे. हॉलंडच्या फेरीत बर्फ खराब असेल तेथे गालिचे अंथरतात आणि लोक पात्यांसकट त्यावरून तुरुतुरु चालतात. त्यापेक्षा ही सोय पुष्कळ बरी. दुसरा लाभ स्नायूंचा. टाच जखडलेली असली तर रेट्याच्या शेवटी घोटा सरळ करता येत नाही. केला तर पात्याचे टोक बर्फात खुपसते. टाच सुटली की पोटरीही कामाला लागते. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात खेरित यान व्हान इंगेन शेनाउ यांनी हेच तत्त्व शर्यतीच्या स्केटला लावले. प्रथम त्याची थट्टाच झाली. परंतु १९९८च्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकपर्यंत जुने स्केट मागे पडले होते.

इतके झाले म्हणजे साधनाची निम्मी रचना झाली. उरलेली निम्मी बर्फ फुटण्यासाठी आहे, आणि आमच्या मते तीच अधिक हुशारीची.

पहिले साधन काठी: पोलादी टोकाची, वजनदार. तिने पुढच्या बर्फावर ठोसा मारावयाचा. एका ठोशात आरपार गेली तर आल्या वाटेने परत फिरावे. काळाभोर, पारदर्शक बर्फ सर्वांत मजबूत. हिम मुरून झालेला पांढरा बर्फ त्याहून कमकुवत. आणि उन्हाने उभ्या कांड्यांमध्ये सुटलेला वसंतातला बर्फ कितीही जाड असला तरी विश्वासास अपात्र. अरुंद सामुद्रधुनी, ओढ्याचे मुख, पुलाखालची जागा, बोरूंचे बेट, येथे प्रवाहाने वा उबेने जाडी खालून खाल्लेली असते. जाणते लोक कानानेही पारख करतात. पातळ बर्फ पात्याखाली उंच स्वरात गातो, जाड बर्फ खर्जात. बर्फात उठणाऱ्या लाटांपैकी जी हवेतल्या ध्वनीच्या वेगाने धावते तीच आपल्या कानी नीट पोचते, आणि पातळ पाटीत तो वेग गाठावयास कंपने जलद असावी लागतात. स्वर चढू लागला की शहाणा माणूस थांबतो.

तरीही माणूस पडतोच. तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम पडलो. मार्चमध्ये किनाऱ्याजवळ करवतीने कापलेल्या भोकात, कमरेला दोर बांधून, शिकाऊ मंडळींना एकेक करून उतरवितात. पाणी छातीला लागताच श्वास आमच्या ताब्यात राहिला नाही. कुत्र्यासारखी धाप लागली आणि नाव विचारले तर तेही सांगवेना. कॅनडातील प्राध्यापक गॉर्डन गीझब्रेख्त यांनी याचा हिशेब तीन आकड्यांत बसविला आहे: श्वास आवरण्यास एक मिनिट, हातपाय उपयोगी चालतील अशी दहा मिनिटे, आणि थंडीने शुद्ध जाण्यापूर्वी सुमारे एक तास. तेव्हा पहिल्या मिनिटात धडपडू नये, दुसऱ्यापासून काम करावे. पाठीवरच्या पिशवीत कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या थैलीत बांधलेले असतात. त्या हवेने पिशवी तरंगते आणि माणसाला उचलून धरते. तिचा एक पट्टा मांड्यांमधून घेतलेला असतो, नाहीतर ती मानेवर चढून बसते. पिशवीला वीस-एक मीटरचा दोर असतो. तो सोबत्याकडे फेकावयाचा.

आम्ही प्रथम नुसत्या हातांनी चढून पाहिले. काठ ओला, तळहात ओले. नखेसुद्धा कशात रुतेनात. चार वेळा वर गेलो, चार वेळा मागे घसरलो. मग गळ्यातले खिळे हाती घेतले. दोन छोट्या मुठी, प्रत्येकीला पोलादी टोक, दोहोंना जोडणारी दोरी. ज्या बाजूने आलो त्या बाजूस तोंड केले, कारण त्या बर्फाने आपल्याला एकदा पेललेले असते. पाय पाण्यात आडवे झाडले, एक खिळा पुढे ठोकला, मग दुसरा. तीन ठोशांत पोट बर्फावर आले. उभे न राहता लोळत दूर जावयाचे, एवढेच उरले. खिळे हनुवटीखालीच अडकवावे लागतात. खिशात असले तर गारठलेल्या बोटांना खिसा सापडत नाही.

महाराष्ट्रात सरोवरे गोठत नाहीत. परंतु दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आपले कित्येक तरुण लडाखात झंस्कार नदीच्या 'चादर'वर चालावयास जातात. तेथील वाटाडे काठीने बर्फ ठोकून पुढे जातात, तीच ही विद्या. त्या तरुणांच्या पाठीवरचे भारी भारी सामान आम्ही पाहिले आहे. गळ्यात खिळे मात्र एकाच्याही दिसले नाहीत. ते घरी होतात. झाडूच्या लाकडी दांड्याचे वीतभराहून जरा लहान दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाच्या एका टोकात जाड खिळा ठोकून त्याचे डोके कापावे आणि पुढे उरलेला बोटाच्या पेराएवढा भाग कानशीने टोकदार करावा. टोकांवर बुचाचा तुकडा खोचावा, म्हणजे ती गळ्याला टोचणार नाहीत. मुठींच्या दुसऱ्या टोकांत भोके पाडून मजबूत दोरी ओवावी. तिला एक शिटी बांधावी, ती प्लास्टिकची. धातूची शिटी त्या थंडीत ओठांना चिकटते.